घरासोबत आलेला सीसीटीव्ही मोबाइलवर सारखा ‘ऑफलाइन’ होतो तेव्हा

दुखणं साधारण असं असतं. घर विकत घेतलं किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांकडून ताब्यात आलं, आणि सोबत कॅमेरेही आले. टीव्हीला जोडलेल्या रेकॉर्डरवर सगळी चित्रं स्वच्छ दिसतात. अ‍ॅपमध्ये कसंबसं जोडलं की काही दिवस मोबाइलवरही दिसतात. मग एक दिवस चकती नुसती फिरत राहते आणि खाली ‘ऑफलाइन’ येतं. रेकॉर्डर बंद करून चालू केला की परत दिसायला लागतं, परत जातं. मग अ‍ॅप काढणं, पुन्हा टाकणं, दुसरंच अ‍ॅप घेणं सुरू होतं.

अ‍ॅपचा यात क्वचितच दोष असतो. आधीच्या मालकाचं नेटवर्क त्या डब्यात, म्हणजे रेकॉर्डरमध्ये, अजून नांदत असतं: त्याच्या राउटरचा पत्ता, त्याच्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस (नावावरून इंटरनेटवरचा पत्ता शोधून देणारा सर्व्हर), त्याचं खातं, त्याने कधीकाळी राउटरमध्ये उघडून ठेवलेले पोर्ट, म्हणजे बाहेरून आत यायची दारं. आपण त्याच्यावरच आपलं थोडंथोडं चढवत जातो आणि सगळी सरमिसळ होते. म्हणून आतून बाहेर जायचं. आधी डबा, मग घरातलं नेटवर्क, मग इंटरनेट. अ‍ॅप सगळ्यात शेवटी.

रीसेटची घाई नको

पासवर्ड माहीत नाही म्हटलं की पहिला हात फॅक्टरी रीसेटकडे जातो. त्याआधी रेकॉर्डरची मागची बाजू बघा. गोल, फिरवून बसवायच्या बीएनसी पिना लागल्या असतील तर तो डीव्हीआर. कॅमेऱ्यांकडून इंटरनेटच्या, म्हणजे लॅनच्या केबल येत असतील तर तो एनव्हीआर. डीव्हीआरच्या साध्या कॅमेऱ्यांना स्वतःचा पासवर्ड नसतो, त्यामुळे रीसेट केल्याने फार काही बिघडत नाही. एनव्हीआरची गोष्ट वेगळी. तिथे प्रत्येक कॅमेऱ्याचा पासवर्ड कॅमेऱ्यातच साठवलेला असतो, आणि एनव्हीआरला तो ठाऊक असतो म्हणून चित्र दिसतं. एनव्हीआर रीसेट केला की तो पासवर्ड विसरतो आणि कॅमेरे जुन्याच पासवर्डवर अडून बसतात. मग शिडी लावून एकेका कॅमेऱ्याचं झाकण उघडायचं आणि आतलं बारीक बटण शोधायचं. काही कॅमेऱ्यांना ते बटणही नसतं.

तेव्हा आधी विचारपूस. आधीचे मालक, नाहीतर ज्याने सिस्टीम बसवून दिली तो माणूस. बसवणारे बऱ्याचदा सगळीकडे एकच पासवर्ड ठेवतात आणि तो डब्याच्या पोटाशी मार्करने लिहिलेला सापडतो. फार जुन्या रेकॉर्डरला कंपनीकडूनच ‘अ‍ॅडमिन’ या नावाला १२३४५, पुन्हा ‘अ‍ॅडमिन’ किंवा चक्क रिकामा पासवर्ड असायचा. तेही करून बघा, पण एकामागून एक मारा करू नका. काही चुकीच्या प्रयत्नांनंतर रेकॉर्डर थोडा वेळ कुलूप लावून बसतो आणि त्या काळात बरोबर पासवर्डही नाकारतो.

आतला बटण सेल काढून ठेवला की पासवर्ड उडतो, असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात. आजकालच्या बहुतेक रेकॉर्डरमध्ये तसं होत नाही. पासवर्ड फ्लॅश मेमरीत असतो, सेल फक्त घड्याळ चालू ठेवतो. खरा मार्ग कंपनीच्या साधनातून जातो. हिकव्हिजनचं एसएडीपी नावाचं मोफत सॉफ्टवेअर त्याच नेटवर्कवरचं उपकरण शोधतं, त्याची फाइल तयार करून देतं, आणि त्या फाइलवर कंपनीकडून रीसेटचा तोडगा मिळतो. दाहुआच्या बऱ्याच रेकॉर्डरवर पडद्यावर क्यूआर कोड येतो आणि तो स्कॅन केल्यावर आधी नोंदवलेल्या ई-मेलवर आकडे जातात. म्हणजे पुन्हा आधीच्या मालकाच्याच दारात. फोन आधी करा म्हणतो ते यासाठी.

डबा धडधाकट आहे का

मोबाइल बाजूला ठेवा, टीव्ही आणि माउस लावून रेकॉर्डरसमोर बसा. पडद्याच्या कोपऱ्यातली तारीख-वेळ बघा. ती बरोबर नसेल, वर्ष २००० किंवा १९७० दाखवत असेल, तर आतला सीआर २०३२ हा ३ व्होल्टचा बटण सेल मेलेला आहे. वीज गेली की घड्याळ मूळ तारखेला जाऊन बसतं. इंटरनेटवरचं सुरक्षित कनेक्शन समोरच्या सर्व्हरचं प्रमाणपत्र आजच्या तारखेला चालतं का ते तपासतं. डब्याच्या लेखी आज २००० साल असेल तर ते प्रमाणपत्र अजून जन्मालाच आलेलं नाही, आणि तपासणी करणारा डबा कंपनीच्या सर्व्हरशी बोलणंच टाकतो. घरात टीव्हीवर सगळं दिसतंय, बाहेर मात्र ऑफलाइन, आणि हे बरोबर वीज जाऊन आल्यावर, असं असेल तर आधी सेल बदला. मग मेनूत एनटीपी (इंटरनेटवरून वेळ जुळवून घेण्याची सोय) चालू करून टाइम झोन नीट लावा. रेकॉर्डिंग ‘हरवतं’ तेही बऱ्याचदा यामुळेच. ते असतं, फक्त भलत्याच तारखेखाली पडलेलं.

दुसरा संशयित अ‍ॅडाप्टर. १२ व्होल्टचा अ‍ॅडाप्टर वर्षानुवर्षं गरम होत राहिला की आतले कपॅसिटर थकतात. मीटर लावला तर १२ दाखवतो, कारण तेव्हा त्याच्यावर भारच नसतो. हार्ड डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी सगळ्यात जास्त करंट लागतो, व्होल्टेज खाली बसतं आणि रेकॉर्डर रीस्टार्ट होतो. कान देऊन ऐका: डिस्क घुर्र करून सुरू होते, टक्क आवाज, शांत, पुन्हा घुर्र. डिस्कची केबल काढून डबा नुसता चालवून बघा. तसा तो स्थिर राहिला तर दोष अ‍ॅडाप्टरमध्ये किंवा डिस्कमध्ये. तेवढ्याच व्होल्टेजचा आणि तेवढ्याच किंवा जास्त अँपिअरचा अ‍ॅडाप्टर लावून बघणं हा यातला सगळ्यात स्वस्त प्रयोग. पिन सैल आहे का तेही हलवून बघा. धूळ पुसताना डबा सरकला आणि कॅमेरे गेले, ही तक्रार नेहमीची आहे.

नेटवर्कचं पान

खरा घोळ इथे असतो, म्हणून इथे वेळ घालवा. मेनूत नेटवर्कचं पान उघडा आणि काहीही बदलण्याआधी त्याचा फोटो काढून ठेवा. आयपी पत्ता, सबनेट मास्क, गेटवे (बाहेर जायचा रस्ता, म्हणजे राउटरचा पत्ता), दोन डीएनएस आणि डीएचसीपीची (राउटरकडून पत्ता आपोआप घेण्याची) खूण, एवढंच त्यावर असतं. समजा रेकॉर्डरवर पत्ता १९२.१६८.१.१५० आहे आणि गेटवे १९२.१६८.१.१. आता मोबाइलच्या वायफाय सेटिंगमध्ये मोबाइलचा पत्ता बघा. तो १९२.१६८.०.२३ असा असेल तर दोघं वेगवेगळ्या नेटवर्कवर आहेत. केबल लावलेली आहे, दिवा लुकलुकतोय, पण रेकॉर्डर ज्या गेटवेला हाक मारतोय तो राउटर या घरात नाहीच.

अशा वेळी रेकॉर्डरवर डीएचसीपी चालू केलं की तो नव्या राउटरकडून सगळे पत्ते घेतो. डीव्हीआर असेल तर एवढ्यावर भागतं. एनव्हीआर असेल आणि कॅमेरे वेगळ्या स्विचमधून (अनेक लॅन केबल एकत्र जोडणाऱ्या पेटीतून) येत असतील तर मात्र गोची होते. कॅमेऱ्यांचे पत्तेही जुन्याच पट्ट्यातले, हाताने बसवलेले असतात. रेकॉर्डर इकडे आला, कॅमेरे तिकडे राहिले, आणि जी चित्रं दिसत होती तीही गेली. इथे उलटी चाल खेळा. रेकॉर्डर आणि सगळे कॅमेरे बदलण्यापेक्षा राउटरचा घरातला पत्ताच १९२.१६८.१.१ करा. एकाच ठिकाणी बदल करायचा, राउटर रीस्टार्ट करायचा आणि घरातले मोबाइल-लॅपटॉप एकदा वायफायवरून तोडून जोडायचे. जुनं सगळं आपोआप जागेवर येतं.

कॅमेरे थेट एनव्हीआरच्या पाठीत खोचलेले असतील तर याची गरज नाही. तिथल्या सॉकेटमागे एनव्हीआरचं स्वतःचं आतलं नेटवर्क असतं. ते कॅमेरे राउटरच्या यादीत दिसणार नाहीत, तिथे शोधत बसू नका.

आता तो ‘काही दिवस चालतं, मग जातं’ प्रकार. राउटरकडे वाटायला पत्त्यांचा एक साठा असतो. रेकॉर्डरवर हाताने बसवलेला पत्ता त्याच साठ्यातला असेल तर राउटरला त्याची कल्पना नसते. एखाद्या संध्याकाळी तोच पत्ता तो कुणाच्या तरी मोबाइलला देऊन टाकतो. एकाच पत्त्यावर दोन उपकरणं आली की कधी हे दिसतं, कधी ते. माणसं घरी आली की कॅमेरे ऑफलाइन आणि सगळे बाहेर पडले की व्यवस्थित, असं होत असेल तर हीच टक्कर समजा. सकाळी सगळे घराबाहेर पडतात, ऑफिसातून तुम्ही तपासता, सगळं छान दिसतं, आणि त्यामुळेच हा दोष लवकर सापडत नाही.

यावर माझा कौल राउटरमधल्या आरक्षणाला आहे. रेकॉर्डर डीएचसीपीवरच ठेवायचा आणि राउटरच्या पानावर त्याच्या मॅक पत्त्यासमोर (उपकरणाच्या ओळख क्रमांकासमोर) एक आयपी कायमचा राखून ठेवायचा. बसवणारे लोक डब्यातच पत्ता ठोकून देतात. तेही चालतं, पण राउटर बदलला की डबा बहिरा होतो. तुमच्यावर ही वेळ नेमकी त्याचमुळे आली. स्विचवरच्या कॅमेऱ्यांना मात्र स्थिर पत्तेच बरे, फक्त ते राउटरच्या वाटपाच्या साठ्याबाहेरचे हवेत.

राहिला डीएनएस. जुन्या इंटरनेट कंपनीचा डीएनएस तसाच राहिला असेल तर नवी जोडणी घेतल्यावर तो उत्तर देईलच असं नाही, कारण बऱ्याच कंपन्यांचे डीएनएस फक्त स्वतःच्या ग्राहकांना उत्तर देतात. गेटवे बरोबर, घरातल्या वायफायवर दिसतंय, पण रेकॉर्डरच्या मेनूत क्लाउड किंवा पीटूपीच्या (कंपनीच्या सर्व्हरमार्फत बाहेरून बघायच्या सोयीच्या) पानावर ‘ऑफलाइन’, असं असेल तर तिथे ८.८.८.८ आणि १.१.१.१ घालून बघा.

कधी जातं ते लिहून ठेवा

‘अधूनमधून जातं’ म्हटलं की काहीच हाती लागत नाही. वेळ लिहिली की कारण निम्मं सापडतं. संध्याकाळचं वर आलंच. फक्त रात्री कॅमेरे जात असतील तर वीज कमी पडतेय: अंधार झाला की कॅमेऱ्यांचे इन्फ्रारेड दिवे लागतात, करंट वाढतो आणि थकलेला सप्लाय किंवा लांबलचक बारीक वायर तो पेलत नाही. आठवड्यातून ठरावीक दिवशी पहाटे जाऊन येत असेल तर मेनूत आपोआप रीस्टार्टची वेळ लावलेली असते, तो दोष नव्हे. वीज जाऊन आल्यावरच जात असेल तर घड्याळ बघा. नाहीतर रेकॉर्डर राउटरच्या आधी उठतो आणि पत्ता न मिळाल्याने तसाच बसून राहतो. राउटर उठल्यावर रेकॉर्डर एकदा बंद करून चालू करा, किंवा दोघांनाही एकाच छोट्या यूपीएसवर घ्या.

जुनं खातं, जुने डोळे

घरात सगळं जुळलं, आता अ‍ॅपमध्ये सिरियल नंबर स्कॅन केला, आणि संदेश आला की हे उपकरण आधीच दुसऱ्या खात्यात जोडलेलं आहे. इथे रीसेटचा उपयोग नाही. ही गाठ डब्यात नसते, कंपनीच्या सर्व्हरवर सिरियल नंबरला मारलेली असते. ज्या खात्यात ते उपकरण आहे तिथूनच ते काढावं लागतं. काही नव्या रेकॉर्डरमध्ये स्थानिक मेनूतून किंवा त्याच वायफायवर असलेल्या अ‍ॅपमधून ही गाठ सोडवता येते. तसं नसेल तर मालकीचा कागद दाखवून कंपनीच्या मदत केंद्राला विनंती करावी लागते.

घरातलं माणूस गेल्यावर ही सिस्टीम तुमच्याकडे आली असेल तर एक गोष्ट सांभाळा. खात्याचा ओटीपी त्यांच्या मोबाइल नंबरवर किंवा ई-मेलवर येणार. उपकरण त्यांच्या खात्यातून सुटेपर्यंत ते सिम बंद करू नका. डिस्कवरचं जुनं रेकॉर्डिंगही फॉरमॅट करण्याआधी पेनड्राइव्हवर काढून घ्या. त्या फाटकातून आत येणाऱ्या माणसाचं चित्र पुन्हा कुठे मिळणार नाही.

घर अनोळखी माणसाकडून घेतलं असेल तर उलट काळजी. त्यांच्या मोबाइलमध्ये तुमचं अंगण अजून दिसत असू शकतं, त्यांच्या मनात काही नसलं तरी. खातं सोडवून घेतलं तरी तेवढ्यावर थांबू नका. रेकॉर्डरच्या वापरकर्त्यांची यादी उघडा आणि ‘अ‍ॅडमिन’ सोडून जी नावं ओळखीची नाहीत ती काढा. मग ई-मेल आणि एफटीपीची (फाइल दुसऱ्या सर्व्हरवर पाठवण्याच्या सोयीची) पानं बघा. हालचाल दिसली की फोटो मेल करायची सोय कधीतरी कुणीतरी लावलेली असते, आणि ते फोटो आजही जुन्याच पत्त्यावर जात असतात. हे पान कुणी उघडतच नाही.

बाहेरून बघायचा रस्ता

वायफाय बंद करून मोबाइल डेटावर तपासा. घरच्या वायफायवर दिसणं म्हणजे बाहेरून दिसणं नव्हे.

सर्वसामान्य घराला कंपनीचं पीटूपी पुरे. रेकॉर्डर स्वतःहून कंपनीच्या सर्व्हरशी बोलतो, राउटरमध्ये काही उघडावं लागत नाही, घरातला पत्ता बदलला तरी चालतं. जुन्या सिस्टीममध्ये मात्र बहुतेक वेळा पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली हाक राउटरने थेट रेकॉर्डरकडे पाठवणं) केलेलं असतं, आणि नवे मालक तेच पुन्हा उभं करायच्या नादात अडकतात. ते का चालत नाही हे बघायचं असेल तर राउटरच्या पानावरचा वॅन पत्ता (राउटरचा इंटरनेटच्या बाजूचा पत्ता) आणि ‘माझा आयपी काय’ सांगणाऱ्या संकेतस्थळावरचा पत्ता ताडून पाहा. दोन्ही वेगळे असतील आणि वॅन पत्ता १००.६४ ते १००.१२७ ने सुरू होत असेल तर तुम्ही सीजीनॅटमागे आहात. इंटरनेट कंपनीने एकच बाहेरचा पत्ता अनेक घरांत वाटला आहे, आणि तुमच्या राउटरमध्ये कितीही पोर्ट उघडले तरी बाहेरची हाक तिथपर्यंत पोहोचतच नाही. हा पट्टा २०१२ मध्ये याच कामासाठी राखून ठेवला गेला. वॅन पत्ता १० किंवा १९२.१६८ ने सुरू होत असेल तर कंपनीच्या मोडेममागे तुमचा दुसरा राउटर असण्याचीही शक्यता आहे.

चालत असलं तरी पोर्ट उघडे ठेवू नका, असंच मी सांगेन. २०१६ मध्ये मिराई नावाच्या व्हायरसने कंपनीचेच पासवर्ड ठेवलेले हजारो कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेतले. त्याच्याकडे असे साठेक ठरलेले पासवर्ड होते, बस. त्याच फौजेच्या जोरावर २१ ऑक्टोबर २०१६ ला डाइन (Dyn) या डीएनएस कंपनीवर हल्ला झाला आणि कित्येक मोठी संकेतस्थळं काही तास बंद पडली. चांगला पासवर्डही नेहमी पुरतो असं नाही. २०२१ मध्ये हिकव्हिजनच्या अनेक मॉडेलमध्ये पासवर्डशिवाय आत शिरता येईल अशी गंभीर त्रुटी जाहीर झाली, आणि ज्यांनी फर्मवेअर (डब्याचं आतलं सॉफ्टवेअर) बदललं नाही त्यांचे डबे तसेच उघडे राहिले. म्हणून राउटरमधले जुने फॉरवर्ड नियम पुसा, रेकॉर्डर आणि राउटर दोन्हींवरचं यूपीएनपी बंद करा, नाहीतर डबा स्वतःच पुन्हा दारं उघडून ठेवतो. फर्मवेअर कंपनीच्या संकेतस्थळावरून, मॉडेल नंबर अक्षर न अक्षर जुळवून घ्या.

पीटूपी नसलेला जुना रेकॉर्डर असेल, किंवा आपलं चित्र कंपनीच्या सर्व्हरमार्गे जाऊ नये असं वाटत असेल, तर व्हीपीएन, म्हणजे बाहेरून घरच्या नेटवर्कवर यायचा खासगी, सुरक्षित रस्ता. राउटरमध्ये वायरगार्ड या व्हीपीएनची सोय असेल आणि बाहेरचा पत्ता स्वतःचा असेल तर ते उत्तम. सीजीनॅटमागे टेलस्केलसारखी सोय चालते. घरातला एक लहान संगणक चोवीस तास चालू ठेवायचा आणि मोबाइलने त्याच्यामार्फत घरच्या नेटवर्कवर यायचं. मग अ‍ॅपमध्ये रेकॉर्डरचा घरातलाच पत्ता घालायचा.

ब्राउझरमधून बघायचा प्रयत्न केला आणि ‘प्लगइन टाका’ एवढंच येत असेल तर तो डबा इंटरनेट एक्स्प्लोररच्या काळातला आहे. ते १५ जून २०२२ ला निवृत्त झालं. सेटिंगपुरतं विंडोजवरच्या एजमध्ये आयई मोड चालतो, नुसतं चित्र बघायला व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमधून आरटीएसपी (थेट चित्र पाठवण्याची पद्धत).

चित्र येतं पण अडखळतं

बाहेर पडणारा वेग, म्हणजे अपलोड, कमी पडतोय. अ‍ॅपमध्ये मेनऐवजी सबस्ट्रीम, म्हणजे कमी दर्जाचं हलकं चित्र, निवडा. लॉगिन होतं, यादी दिसते, चित्र मात्र कधीच उघडत नाही, असं असेल तर रेकॉर्डरवरचा एमटीयू (एका वेळी पाठवायच्या पाकिटाचा कमाल आकार) १५०० वरून १४०० करून बघा.

डबाच सोडायची वेळ

फर्मवेअर मिळत नाही, पीटूपीची सेवा कंपनीने बंद केली, आणि व्हीपीएनचा व्याप नको, अशी स्थिती असेल तर फक्त रेकॉर्डर बदला. कॅमेरे आणि भिंतीतल्या केबल बहुतेक वेळा चांगल्या असतात, आणि खरी मेहनत त्यांचीच असते. डीव्हीआर असेल तर नवा डबा एएचडी, टीव्हीआय, सीव्हीआय आणि जुना साधा सिग्नल हे सगळे ओळखणारा घ्या. आयपी कॅमेरे असतील तर दोन्ही बाजूंना ओएनव्हीआयएफ (वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी जुळावीत यासाठीचं मानक) आहे का बघा, आणि जुना एनव्हीआर काढण्याआधी कॅमेऱ्यांचे पासवर्ड आपल्या हाती आहेत ना याची खात्री करा. जुनी डिस्क नव्यात बसते, पण नवा डबा ती बहुधा आधी फॉरमॅट करायला सांगतो. जुनं रेकॉर्डिंग हवं असेल तर ते जुन्या डब्यातूनच काढून घ्या.